कंसात लिहिलेले वाक्य

‘मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय २७. मराठी विषय घेऊन एम.ए. केले असून गेली तीन वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. हाती पडणारी रक्कम सांगण्यासारखी नाही. दर रविवारी आमच्या गल्लीतल्या आठवी ते दहावीच्या पंधरा-सोळा मुलांचा निबंधलेखनाचा वर्ग विनामूल्य घेते. घरी आम्ही तेलुगू बोलतो (मला तेलुगू वाचता-लिहिता येत नाही, सगळे शिक्षण मराठीत झाले). नवरात्रात आई गल्लीतल्या बायकांबरोबर बतुकम्मा या तेलुगू फुलोत्सवाची गाणी म्हणते, ती ऐकत मी मोठी झाले. एका भाषेतले साहित्य दुसऱ्या भाषेतल्या साहित्याशेजारी ठेवून वाचणे आणि मुलांना लिहायला शिकवणे, या दोन गोष्टींत मला मनापासून रस आहे. पुढे शिकायचे तर यांपैकी एक सोडावी लागेल, असे सगळे म्हणतात. आमचे विभागप्रमुख म्हणतात, इथेच मराठीत पीएच.डी. करा, विषय मी देतो. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, तिकडे “कंपॅरेटिव्ह लिटरेचर” हा स्वतंत्र विषय आहे आणि लेखन कसे शिकवावे याचेही शिक्षण मिळते, कर्ज काढून एम.ए.ला ये. आई म्हणते, बी.एड. कर आणि कायम हो. मी काय करावे?’
— एक वाचक, सोलापूर

तुमचे पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडखळलो. विभागप्रमुख, चुलतभाऊ, आई, तुटपुंजे मानधन या सगळ्यांना तुम्ही उघड्या वाक्यांत जागा दिली आहे. कंसात टाकले आहे ते एवढेच, की घरी बोलता ती तेलुगू तुम्हाला वाचता-लिहिता येत नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कंसात आहे आणि उरलेले निम्मे तुमच्या रविवारच्या मुलांच्या वह्यांत आहे. त्यामुळे प्रवेश, परीक्षा आणि पैसा यांकडे मी जरा उशिराने येणार आहे. तेवढा धीर धरावा.

‘तौलनिक अभ्यास’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटापुढे उभे राहिले, की ‘अमुक आणि तमुक यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण : एक तौलनिक अभ्यास’ या घाटाची शीर्षके ओळीने दिसतात. दोन्ही लेखक मराठी, किंवा एक मराठी आणि दुसरा अनुवादातून वाचलेला. शंभर पाने एकावर, शंभर दुसऱ्यावर आणि शेवटच्या प्रकरणात साम्यभेदांचा तक्ता. हे मी कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही, कारण असाच एक प्रबंध मी स्वतः लिहिला आहे. माझ्या दोन लेखकांपैकी एक कन्नड होता आणि मला कन्नड येत नव्हते. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका संवादावर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, की मूळ कादंबरीत हा मुलगा वडिलांशी एकवचनात बोलतो की बहुवचनात. अनुवादकाने मराठीत ‘तुम्ही’ घातले होते आणि त्या एका ‘तुम्ही’वर मी बापलेकांतल्या दुराव्याचे चार पानांचे विवेचन रचले होते. मला उत्तर देता आले नाही. पदवी मिळाली, कारण आपल्याकडे ती मिळते. पण ते प्रकरण मी पुन्हा कधी उघडले नाही.

मूळ विषय, म्हणजे तुमचा भाऊ म्हणतो ते ‘कंपॅरेटिव्ह लिटरेचर’ किंवा तौलनिक साहित्य, याहून पुष्कळ कडक आहे. दोन भाषांतले साहित्य मुळातून वाचता येणे ही त्याची पहिली अट आहे, आणि पुढची सगळी सिद्धान्तचर्चा त्यानंतरची आहे. आपल्या देशात तो काही काल-परवा आलेला नाही. १९०७ साली कलकत्त्यात नॅशनल कौन्सिल ऑफ एज्युकेशनने रवींद्रनाथ टागोरांना या विषयावर व्याख्यान द्यायला बोलावले, तेव्हा त्यांनी त्या इंग्रजी नावाऐवजी ‘विश्वसाहित्य’ हा आपला शब्द वापरला. त्याच संस्थेतून पुढे जादवपूर विद्यापीठ उभे राहिले आणि तिथे १९५६ साली कवी बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने तौलनिक साहित्याचा देशातला पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबई विद्यापीठात टागोरांच्याच नावाचे तौलनिक साहित्याचे अध्यासन होते. वसंत बापट आणि पुढे भालचंद्र नेमाडे यांनी त्या पदावर काम केले. एवढे असूनही महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हा विषय मराठीच्या किंवा इंग्रजीच्या एम.ए.तल्या एखाद्या पेपरापुरता उरला, आणि पेपर म्हटला की त्याचे गाईडही आलेच.

तुलना म्हणजे नेमके काय करायचे, हे तुमच्या गावातूनच सांगतो. ज्यांची गड्ड्याची यात्रा तुम्ही लहानपणापासून पाहता, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, म्हणजे ‘वचन’ नावाची गद्याजवळची छोटी भक्तिरचना करणारे कवी. सोलापूरहून एसटीने दोन तासांवर पंढरपूर आणि वाटेपासून थोडे आडबाजूला मंगळवेढे. तिथे पुढच्या दीड-दोनशे वर्षांत नामदेव, जनाबाई, चोखामेळा यांचे अभंग झाले. आता दोन्हींचे शेवट पाहा. अभंगाच्या अखेरीस कवी आपले नाव घालतो : ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’. वचनाच्या अखेरीस मात्र कवीचे नाव नसतेच, तिथे देवाचे नाव येते. सिद्धरामेश्वरांच्या वचनांत ते ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ असे असते. एकाच मुलुखातल्या दोन भक्तिपरंपरा, पण सही करण्याची रीत उलटी. वचनातले देवाचे नाव बहुधा संबोधनात असते, म्हणजे सगळे वचन जणू देवाच्या तोंडावर बोललेले. तर ‘चोखा म्हणे’ हे चार माणसांसमोर दिलेल्या साक्षीसारखे वाटते. जनाबाई तर ‘नामयाची जनी’ म्हणून सहीतच नाते घालते. या फरकाचा अर्थ काय, वचन कुणापुढे म्हटले जाई आणि अभंग कुणापुढे, हा खरा तौलनिक प्रश्न झाला. आणि तो सुचायला कन्नडमधला तो संबोधनाचा दीर्घ ‘आ’ कानाला जाणवावा लागतो. अनुवादात तो बहुतेक वेळा गळून गेलेला असतो.

असे काम करणारा माणूस सोलापूरने पाहिलेला आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि कवितेची भाषा कन्नड. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे ते इथल्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात कन्नड शिकवत होते. पुढे १९७३ सालचे ज्ञानपीठ त्यांच्या कन्नड कवितेला मिळाले. घरात एक भाषा आणि लेखणीत दुसरी, ही तुमची अवस्था या शहराला नवी नाही. शासनदरबारी बोलायचे तर तेलुगू आणि कन्नडला २००८ साली आणि मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, म्हणजे विजापूर वेशीतल्या भाजीबाजारात तीन अभिजात भाषांत घासाघीस चालते. तिथल्या एकाही बाईला त्याचे अप्रूप नसेल, पण तुम्हाला ते असायला हवे.

आता वह्यांकडे. तुम्ही त्या पाठवलेल्या नाहीत, तरी मी याच शहरात तीस वर्षे मराठी शिकवले असल्याने त्यांत काय असेल याचा अंदाज बांधू शकतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या एका मुलाचा ‘माझा रविवार’ हा निबंध मला अजून आठवतो. ‘रविवारी मी पप्पांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो. तिथं चादर बघितलो. लई मोठा होता.’ तीन वाक्यांत मी लाल शाईच्या चार रेघा मारल्या आणि शेजारी ‘चादर – स्त्रीलिंग’ असे लिहिले. पुढच्या आठवड्यात त्याने निबंध दिला तो गाईडातला, पावसाळ्यावरचा, सोन्याच्या किरणांनी भरलेला आणि एकही चूक नसलेला. त्याला मी दहापैकी आठ गुण दिले. आज वाटते, शिक्षक म्हणून मी केलेल्या मोठ्या चुकांपैकी ती एक होती.

त्या मुलाच्या वाक्यांत गबाळेपणा नव्हता, नियम होता. तेलुगूत ‘मी पाहिले’ याला ‘चूशानु’ म्हणतात आणि शेवटचा ‘नु’ सांगतो की पाहणारा ‘मी’ आहे. काय पाहिले याच्याशी क्रियापदाला कर्तव्य नसते. कन्नडमध्येही तसेच. मराठीत मात्र सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की ते बहुतेक वेळा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते : चादर बघितली, टॉवेल बघितला, सूत बघितले. ज्या मुलाच्या कानात घरचे व्याकरण आहे, तो ‘चादर बघितलो’ असेच म्हणणार. दुसरे असे, की तेलुगूत किंवा कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखी तीन लिंगे वाटून दिलेली नसतात. ज्या कारखान्यात त्याचे वडील दिवसभर राबत होते, तिथे चादर बाई, टॉवेल बुवा आणि सूत नपुंसक का, हे त्याला कुणी कसे समजावून देणार? मराठीकडेही त्याला कारण नाही. आपण ते पाळण्यात असताना पाठ केलेले असते, एवढेच. आणि हे केवळ तेलुगू घरांत घडते असेही नाही. घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी सोलापूर-लातूरकडची माणसेही ‘मी सांगितलो’, ‘मी काम केलो’ म्हणतात. शेजारच्या भाषांचा वारा इकडच्या मराठीला कधीचाच लागलेला आहे. ‘मी पुस्तक वाचलो’ असे कुणी लिहिले, की शिक्षकांच्या खोलीत ‘पुस्तकातून वाचला बिचारा’ हा विनोद हमखास होतो. मीही तो केलेला आहे. हसणाऱ्यांपैकी एकालाही दुसऱ्या भाषेचे व्याकरण ठाऊक नसते.

या मुलांना काय अचूक येते, हेही पाहायला हवे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद हिंदीतून मराठीत आलेल्या माणसाला वर्षानुवर्षे साधत नाही, कारण त्याच्याकडे दोन्हींना ‘हम’च आहे. तेलुगूत ऐकणाऱ्याला धरून ‘मनम्’ आणि त्याला वगळून ‘मेमु’ असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे तुमची मुले ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत सहसा चुकणार नाहीत. पण बरोबर आलेल्या गोष्टीवर आपण रेघ मारत नाही, म्हणून ती आपल्या नजरेतच येत नाही.

तुमचा चुलतभाऊ ज्याला लेखनाचे शिक्षण म्हणतो, त्या शास्त्राची मुळे अशाच वह्यांत आहेत. अमेरिकेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा वर्ग असतो. हार्वर्डने तो १८८५ साली सुरू केला आणि मग ती देशभराची रीत झाली. जवळजवळ शतकभर त्या वर्गांतही लाल शाईच चालली. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला, तेव्हा ज्यांच्या घरी पुस्तकी इंग्रजी नव्हते अशी हजारो मुले एकदम वर्गात आली आणि प्राध्यापक हबकले. तिथे शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी त्या मुलांचे सुमारे चार हजार निबंध जमवून ओळ न् ओळ वाचले आणि १९७७ साली ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ या पुस्तकात दाखवले, की या चुका विखुरलेल्या नसून त्यांना आकृतिबंध आहे, आणि तो मुलाने आपल्या परीने बांधलेल्या नियमातून येतो. ते वाचताना मला माझी लाल रेघ आठवली. पुस्तक हाती आले तोवर मात्र माझी निम्मी नोकरी संपली होती.

तर मग साहित्याची तुलना करणारा आणि लेखन शिकवणारा, हे दोघे करतात काय? दोन भाषांच्या मधल्या बांधावर उभे राहून इकडची रीत तिकडे कशी दिसते, हे दोघेही पाहतात. एकाच्या हातात सिद्धरामेश्वरांचे वचन असते आणि दुसऱ्याच्या हातात नववीतल्या मुलाचा निबंध. म्हणून ‘एक सोडावे लागेल’ हा सल्ला मला मान्य नाही. सोडायची आहे ती पदव्यांची हाव. दोन्हींची प्रमाणपत्रे गोळा करण्याची तुम्हाला गरज नाही. पदवी साहित्याची घ्यावी आणि लेखनाचे काम त्या पदवीच्या शेजारी, नोंदी ठेवत, शिस्तीने चालू ठेवावे, असे माझे मत आहे. उलट क्रमाने हे जमत नाही, कारण मराठी लेखन कसे शिकवावे याचे पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे धडपणे उभेच राहिलेले नाही. ‘उपयोजित मराठी’ या नावाखाली बातमी, जाहिरात आणि अर्ज यांचे नमुने शिकवतात. त्याचा उपयोग आहे, पण मूल वाक्य कसे घडवते हा प्रश्न तिथे येत नाही.

आता व्यवहार. विभागप्रमुखांचे ‘विषय मी देतो’ हे शब्द सद्भावनेचे असतील, तरी दिलेल्या विषयावर पाच-सहा वर्षे काढणे फार जड जाते, आणि तुमच्याकडे तर स्वतःचा विषय घरातच आहे. तौलनिक साहित्यासाठी तुम्हाला सर्वांत जवळचे आणि सर्वांत योग्य ठिकाण हैदराबाद आहे. हैदराबाद विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे. त्याच शहरात इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे. अंतर सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा थोडेसेच लांब, आणि तुमच्या बाबतीत भाषेची अडचण उलटी होऊन जाते : तिथल्या मराठी विद्यार्थ्याला जे कमवावे लागेल ते तुम्हाला घरून मिळालेले आहे, अक्षरे तेवढी सोडून.

नेट, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हिच्याबाबत मात्र माझा सल्ला थोडा सावध आहे. तौलनिक साहित्य हा नेटचा स्वतंत्र विषय आहे, तरी तुम्ही ती मराठी विषयातूनच द्यावी. महाराष्ट्रातली महाविद्यालये जागा काढतात त्या मराठीच्या किंवा इंग्रजीच्या. उद्या इथे परतायचे ठरवले, तर ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांवरून छाननी समितीपुढे वाद घालण्याची वेळ येऊ नये. एम.ए. आणि नेट दोन्ही मराठीतले आणि पीएच.डी. तौलनिक साहित्यातली, ही जोडी त्या दृष्टीने भक्कम आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि २०२४ पासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, त्यामुळे ‘वय निघून चालले’ असे कुणी म्हणाले तर ऐकून सोडून द्यावे. जेआरएफ हुकली तरी प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिराती आणि अटी मात्र दरवर्षी मुळातूनच वाचाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

अमेरिकेविषयी मला एकाच मुद्द्यावर आग्रहाने बोलायचे आहे : कर्ज काढून तिथे साहित्याचे एम.ए. करू नका. अभियंता ते कर्ज दोन-चार वर्षांत फेडील, साहित्याच्या पदवीवर ते कसे फिटणार, हे तुमच्या भावाला विचारून पाहा. तिथली रीत अशी आहे, की बहुतेक चांगल्या विभागांत थेट पीएच.डी.ला प्रवेश घेतला तर शुल्क माफ होते आणि निर्वाहभत्ता मिळतो. त्याच्या बदल्यात तुम्हाला पदवीच्या मुलांना शिकवावे लागते, आणि पुष्कळदा तो वर्ग पहिल्या वर्षाच्या लेखनाचाच असतो. म्हणजे तुमचे दोन्ही विषय तिथे एकाच इमारतीत भेटतात, जरी साहित्यवाले वरच्या मजल्यावर आणि लेखन शिकवणारे तळघरात अशी प्रतिष्ठेची उतरंड तिकडेही आहेच. जागा थोड्या असतात. अर्जासोबत वीस-पंचवीस पानांचा स्वतःचा लेख मागतात आणि किती भाषा मुळातून वाचता, हे विचारतात. आज तुमच्याकडे तो लेखही नाही आणि भाषांच्या रकान्यात तेलुगू प्रामाणिकपणे लिहिताही येणार नाही. दोन वर्षांनी दोन्ही असतील, तेव्हा हा विचार पुन्हा करा.

राहिली आई. त्या चुकीचे सांगत नाहीत. अकरावी-बारावीला कायमचे शिकवायचे तर पदव्युत्तर पदवीसोबत बी.एड. लागतेच, आणि घरात एक नियमित पगार येणे म्हणजे काय, हे त्या तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले जाणतात. माझे म्हणणे इतकेच, की बी.एड.चा दरवाजा दोन वर्षांनीही उघडा असेल. दोन वर्षांत नेट झाली नाही आणि हैदराबादचेही जमले नाही, तर त्या म्हणतात ते करावे आणि ते पराभव म्हणून करू नये. रविवारच्या वर्गाला त्याने बळच येईल. मुदत आईंना आत्ताच, तारखेसह सांगून टाका. मोघम ‘बघू’ने घरातली माणसे जास्त बेजार होतात.

या वर्षी काय करायचे, हे आता उघड आहे. तेलुगू लिपी शिका. रोज अर्धा तास दिला तर तीन महिन्यांत दुकानांच्या पाट्या आणि सहा महिन्यांत बालवाचन जमू लागेल. शब्द तुम्हाला येतातच, ते कागदावर ओळखायचे आहेत एवढेच. तुमच्या भागात तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या एखाद्या निवृत्त बाईंकडे गेलात तर त्या आनंदाने शिकवतील. तेलुगू आणि कन्नड लिपी एकाच मुळातून फुटलेल्या सख्ख्या बहिणी आहेत, त्यामुळे एकीबरोबर दुसरीचेही बरेचसे काम होऊन जाईल आणि सिद्धरामेश्वरही आवाक्यात येतील. रविवारच्या वह्यांवर लाल शाई बंद करा, पण मुलांना प्रमाण रूप शिकवणे थांबवू नका. बोर्डाचा परीक्षक तुमचा लेख वाचून गुण देणार नाही. ‘चादर बघितलो’ आले, की घरी हे कसे म्हणता ते मुलालाच विचारा, दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक त्यालाच शोधू द्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानाची तारखेसह छायाप्रत काढून ठेवा.

आणि तो वीस पानांचा लेख आईंपासून सुरू करा. नवरात्रात तुमच्या गल्लीत फुलांच्या रचलेल्या बतुकम्माभोवती बायका टाळ्या देत फिरतात; त्याच दिवसांत दोन पेठा ओलांडल्या की पाटावर हत्ती काढून त्याभोवती हादग्याचा फेर चालतो. फेर तोच, फुले तीच, गाणाऱ्या बायकाच. दोन्हीकडच्या गाण्यांत माहेर कसे येते, सासू कशी येते, कोणत्या गाण्यात थट्टा आहे आणि कोणत्यात रडू, हे मुळातून वाचून लिहिणारा माणूस दोन्ही अंगणांत वाढलेला असावा लागतो. आईंना शेजारी बसवून एक गाणे आधी देवनागरीत उतरवा आणि लिपी आली की तेच तेलुगूत पुन्हा उतरवा. दोन्ही कागद जपून ठेवा. उतरवताना एक सांभाळा. बतुकम्माच्या पुष्कळ गाण्यांत ओळीच्या टोकाला ‘उय्यालो’ येते, आणि घाईत आपण ते एकदा लिहून पुढे नुसती टिंबे देतो. तसे करू नका. त्या ते कुठे लांबवतात, कुठे गिळतात, कुठे त्यावर श्वास घेतात, हे ऐकून प्रत्येक ओळीला ते नव्याने लिहा.